सेल्फ फिरतो, गाडी पकडत नाही

टाटीबंध, रायपूर
१५ डिसेंबर २०१२

प्रिय शेखरदादा,

तुझा एसएमएस मिळाला. बारा वर्षांत तू मला पाठवलेला हा पहिला मजकूर, आणि तोही गाडी सुरू होत नाही म्हणून. ब्राह्मणपारा ते टाटीबंध अंतर सहा-सात किलोमीटरचं आणि मी त्याला टपालानं उत्तर देते आहे, याचं तुला हसू येईल. हसून घे. घरी फोन केला तर आई उचलते आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देते. तुझ्या मोबाइलवर सांगितलं असतं, पण तू ‘हां, हां’ म्हणत अर्धंच ऐकतोस, ही तुझी जुनी सवय. शिवाय मी आता मास्तरीण आहे. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या वर्गाला शिकवते, आणि कुठलीही गोष्ट पहिल्यापासून, क्रमानं सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला बरं वाटत नाही. तेव्हा पत्र लांबेल. पण शेवटपर्यंत गेलं तर गाडी सुरू होईल, हे मी लिहून देते.

तू काय कळवलंस ते आधी इथे उतरवून ठेवते, म्हणजे तपासायला बरं. सहा जानेवारीला आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतात. तिला साडी नको, जेवणावळ नको. बाबांच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये बसून महामायेचं दर्शन घ्यायचं आणि तिथून थेट नवा रायपूरला जाऊन तू नोकरीला आहेस ते नवं मंत्रालय आणि ते रुंद रस्ते बघायचे, एवढंच हवं आहे. गाडी तीन वर्षं शेडमध्ये उभी होती, टाकी कोरडी पडली होती, तू डब्यानं डिझेल आणून ओतलंस. दोन मिस्त्री येऊन गेले. बॅटरी नवी टाकली, हीटर प्लग नवे टाकले. आणि मग तुझं वाक्य, जसंच्या तसं : ‘सेल्फ ज़ोर से घूम रहा है, पर गाड़ी पकड़ नहीं रही. बिल्कुल उस सुबह जैसा. तू बाबा के साथ बैठती थी, तुझे पता होगा.’ आईचा मोतीबिंदू निघाला, आता ती बारीक अक्षरसुद्धा वाचते, हेही तू जाता जाता लिहिलंस. ही बातमी मला फार आवडली. एसएमएस मी पुसलेला नाही.

वर्गात मी मुलांना सांगते की बॉनेट उघडण्याआधी गाडीची हकीकत लिहून काढा. मालक काय म्हणतो ते लिहा, त्यातलं खरं किती ते नंतर बघू. तर तुझ्या गाडीची हकीकत अशी. १८ डिसेंबर २०००. राज्य होऊन दीड महिना झाला होता. बाबा पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे, आणि राजधानी आपल्या गावात आली याचा त्यांना असा काही आनंद झाला होता की जणू त्यांनीच ती काढून आणली. ‘आता रस्ते बघजो, तुह्या मायले गाडीतून फिरवतो,’ असं रोज चालायचं. त्या सकाळी पावणेसहाला त्यांच्या छातीत कळ आली. गाडी सुरू झाली नाही. दवाखान्याच्या दारात ते गेले, आणि डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं आधी आणलं असतं तर. संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्याला, अख्ख्या पाऱ्याला कारण कळलं होतं : मीनलनं गाडीचे लाइट चालू ठेवले, रातोरात बॅटरी उतरली. ते कारण तू सांगितलंस. तेराव्याला आईनं पाहुण्यांसमोर मला विचारलं, ‘काहून केलं तू असं?’ मग ती म्हणाली, ‘मले तोंड नको दाखवू.’ मी एकोणीस वर्षांची होते. माझ्या लग्नाला ती आली नाही. माझी ज्ञानदा आठ वर्षांची झाली, तिला आजी माहीत नाही. दादा, मला आई परत हवी आहे. बाकी तुझ्याकडून मला काहीही नको. ही झाली हकीकत, आता बॉनेट उघड.

सगळ्यात आधी डॅशबोर्डखालचा काळा नॉब बघ. ही जुनी डिझेल गाडी चावी काढून बंद होत नाही. तो नॉब ओढला की इंजिनाचं डिझेल तुटतं आणि ते थांबतं. नॉब परत पूर्ण आत गेला नसेल तर दिवसभर सेल्फ मारत बस, काही होणार नाही. आत गेलेला दिसला तरी त्याची तार बॉनेटखाली पंपापर्यंत जाते, तिथे हात लावून बघ, गंजानं अडकून बसते. बाबा हे रोज बघायचे आणि पुढे ते काम त्यांनी मला दिलं. दिवेलागणीनंतर गाडी ‘निजवायची’ ती मी. लाइट बंद, हँडब्रेक ओढलेला, नॉब आत, बॉनेटवर हात ठेवून ऊब बघायची आणि वरून जुनी सतरंजी घालायची, कारण इंजिन एकदम गार पडलं तर सकाळी रुसतं असं बाबांचं म्हणणं. तुला त्याचं हसू यायचं. ‘आमची पोट्टी गाडीले अंगाई म्हणते,’ असं तू मित्रांना सांगायचास. तुला गाडी फक्त हाकायला हवी असायची, आणि पोट्टा असल्यामुळे ती मिळायचीही. मला चावी फिरवण्याची परवानगी होती, पण शेडच्या उंबऱ्याबाहेर गाडी न्यायची नाही, असा आईचा हुकूम होता.

दुसरं, बॅटरी. नवी टाकलीस, ठीक. टोकांवर पांढरी-हिरवी पूड चढली असेल तर गरम पाणी ओतून घासून काढ आणि इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी कसून घे. पण खरं सांगू? तुझ्या गाडीत बॅटरीचा दोष नाहीच. बॅटरी उतरली की सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर, फिरत नाही. चावी फिरवली की नुसतं ‘कट्’ वाजतं, डॅशबोर्डचा दिवा मंद होतो, की संपलं. सेल्फ घरघर घरघर करत जोरात फिरत असेल तर बॅटरी धडधाकट आहे. पहिल्या आठवड्यात आमच्या वर्गातलं कुणीही हे सांगेल. एवढं नीट ऐकून ठेव, पुढे लागणार आहे. घरघर म्हणजे बॅटरी चांगली, ‘कट्’ म्हणजे बॅटरी गेली.

तिसरं, हीटर. थंडीत डिझेल लवकर पेट घेत नाही, म्हणून चावी अर्धी फिरवून हीटर प्लग तापू द्यायचे. किती वेळ? मिस्त्री तुला सेकंद सांगतील. बाबांचं माप होतं सतराचा पाढा. चावी अर्धी, पाढा मराठीत, आणि सतरा दाहेला चावी पूर्ण. मी घडाघडा म्हणायचे. तू सतरा सातेला अडायचास आणि मग ‘सत्रह सत्ते’ करून वेळ मारून न्यायला बघायचास. ‘गाडीले मराठीच समजते,’ म्हणून बाबा पुन्हा सतरा एके सतरापासून सुरू करायला लावायचे. शाळा हिंदी, बाजार हिंदी, शेजार छत्तीसगढी, पोरांची मराठी जाणार, ही त्यांची मोठी धास्ती. पत्रांचा नियमही त्यातलाच. घरात मराठी पत्र आलं, मग ते कुणाच्याही नावाचं असो, की दिवाबत्तीनंतर आईनं ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी समोर बसून ऐकायचं, आणि मध्ये कुणी थांबायचं नाही की उठायचं नाही. अचलपूरच्या आत्याची ती आठ-आठ पानी पत्रं! तू चुळबुळ करायला लागलास की आई वाचता वाचताच तुझ्या मांडीवर हात ठेवायची आणि तू गप्प बसायचास. मागच्या महिन्यात पंडरीला पडद्याचं कापड घेताना ममतावहिनी भेटली. नियम अजून चालू आहे म्हणाली. ‘आत्याबाईंचं पत्र आलं का यायलेही मोबाइल बंद करून बसा लागते.’ ऐकून बरं वाटलं. बाबांचं काहीतरी त्या घरात उरलं आहे.

चौथं, धूर. हे तुझ्या दोन्ही मिस्त्र्यांनी बघितलं नसणार, कारण तू त्यांना बॅटरीचाच पाढा ऐकवला असणार. वहिनीला सेल्फ मारायला सांग आणि तू मागे सायलेन्सरपाशी उभा राहा. पांढरा धूर आला तर डिझेल पोचतं आहे पण पेटत नाही, मग हीटर तपास. काहीच आलं नाही तर डिझेल इंजिनापर्यंत जातच नाही. तुझ्या गाडीला धूर येणार नाही. मी इथे टाटीबंधला बसून सांगते. डिझेल गाडीची टाकी एकदा कोरडी झाली की नळ्यांत हवा शिरते. मिस्त्री म्हणतात, गाडीनं एअर घेतली. मग वरून डबा ओता की टाकी काठोकाठ भरा, सेल्फ फिरत राहतो आणि गाडी पकडत नाही. पेट्रोलची गाडी अशा वेळी थोडं कुरकुरून चालू होते, डिझेलची होत नाही. ती हवा हातानं काढावी लागते. तुझ्या गाडीनं एअर घेतली आहे. तुला वाटतं हा गाडीचा स्वभाव. स्वभाव तुझा आहे. टाकीत काय उरलंय ते न बघता तू गाडी हाकतोस.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येते. ‘बिल्कुल उस सुबह जैसा.’ बारा वर्षं तू सगळ्यांना सांगत आलास की त्या सकाळी सेल्फ फिरलाच नाही, नुसतं ‘कट्’ वाजलं, आणि बघतोस तर लाइटचं बटण चालू. मी तेव्हा शेडमध्ये नव्हते. बाबांना कळ आल्याबरोबर तू मला म्हणालास, ‘तू चौकातून रिक्षा पाय, तवर मी गाडी काढतो,’ आणि मी अनवाणी आझाद चौकाकडे पळाले. त्या थंडीत एक ऑटो नव्हता. पंचवीस मिनिटांनी एका सायकलरिक्षावाल्याला उठवून आणलं, तेव्हा तू माझ्यासमोर चावी फिरवलीस आणि माझ्या कानांनी ‘कट्’ ऐकलं. म्हणून मी तुझ्यावर विश्वास ठेवला. आदल्या संध्याकाळी मी लाइटचं बटण बघितलं होतं, त्याचा खटका मला बोटांत आठवत होता, तरी ठेवला. बारा वर्षं मी स्वतःच्या बोटांवर संशय घेतला, दादा. अजून घराबाहेर पडताना गॅस बंद आहे का ते तीनदा बघते आणि माझा नवरा नरेश दारात कुलूप धरून उभा राहतो. डिझेलचा ट्रेड घेतला तोही त्यासाठीच. वर्गात बत्तीस मुलं आणि मी एकटी मुलगी, का आलीस म्हणून विचारलं तर काय सांगणार होते? आणि आता तू स्वतःच्या हातानं लिहून पाठवतोस की त्या सकाळी सेल्फ जोरात फिरत होता. फिरत होता म्हणजे बॅटरी चांगली होती. बॅटरी चांगली होती म्हणजे लाइट बंद होते. लाइट मी बंद केलेलेच होते.

एसएमएस वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी भिलाईला देवीदासकडे गेले. बाबांच्या गाडीला हात लावणारा तो एकच मिस्त्री. गॅरेज बंद करून आता मुलाकडे राहतो. हात थरथरतात, पण कुठल्या गाडीचं काय झालं होतं ते सगळं आठवतं. मी विचारलं, देवीदास, बाबा गेल्यावर गाडी तुम्ही चालू केलीत ना, काय झालं होतं तिला? तो म्हणाला, ‘ताई, तुमाले माहीत नोहोतं? शेखरभाऊ आदल्या दिवशी दोस्तायसंगं राजीमले गेले होते ना पिकनिकले. वापस येतानी अभनपूरजवळ डिझल संपलं. डबा आणून टाकला, पण गाडीनं एअर घेतली. दोन-चार डाव सेल्फ मारला म्हणे. मंग कोणाच्या जीपले बांधून पाऱ्याच्या तोंडापर्यंत आणली, तिथून ढकलत शेडात. तेरवी झाल्यावर मले बोलावलं. मी एअर काढली, बॅटरी चार्जिंगले लावली. सेल्फ मारून मारून पार खाली झाली होती. भाऊ म्हणे, आईले नको सांगू, तिले दुःख होईन.’ बिचाऱ्याची समजूत अशी की आईखेरीज घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यानं चहा पुढे केला. मला त्या संध्याकाळचं बॉनेट आठवलं. तू गाडी लावलीस तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि इंजिनाचा आवाज काही आला नव्हता. सतरंजी घालताना हात ठेवला तर बॉनेट गार. राजीमहून आलेली गाडी आणि बॉनेट गार. मी म्हटलं, डिसेंबर आहे.

डिझेल संपणं हा काही गुन्हा नाही. तू घरी येऊन एवढंच म्हणाला असतास की बाबा, गाडी बंद पडली आहे, तर बाबा दोन शब्द बोलले असते आणि सकाळी गाडीकडे कुणी बघितलंही नसतं. दोन घरं सोडून यज्ञेश्वरकाकांची व्हॅन उभी होती. शेवटी बाबांना नेलं ते तिच्यातूनच. आईनं तुला आधीच विचारलं होतं, ‘काकायले उठवू काय?’ तेराव्यापर्यंत ती हेच रडत सांगत होती की मी उठवते म्हणत होते, पण शेखर म्हणे, ‘सुरू होऊन राहिली आई, एक मिनिट.’ सुरू होऊन राहिली! तुला माहीत होतं ती सुरू होणार नाही. म्हणून तर मला रिक्षेला पिटाळलंस. बाबा ओसरीवर घामानं भिजत होते आणि तू, केवळ आदल्या दिवशीचं उघडं पडू नये म्हणून, पंचवीस मिनिटं सेल्फ मारत बसलास. बॅटरी त्या पंचवीस मिनिटांत उतरली. मग मी आले. तुला ‘कट्’ मिळालं आणि मीही मिळाले.

हवा अशी काढायची. डिझेल फिल्टरच्या डोक्यावर एक छोटा स्क्रू आहे, तो दोन आटे ढिला कर. पंपाच्या कडेला बोटांनी दाबायचा छोटा हातपंप आहे, तो दाबत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग नितळ डिझेल. नितळ आलं की दाबता दाबताच स्क्रू आवळ. मग नोझलला जाणाऱ्या चार नळ्यांचे नट एकेक आटा ढिले करून वहिनीला सेल्फ मारायला सांग. ज्या नळीतून डिझेल उडायला लागेल तो नट आवळ. तिसऱ्या-चौथ्या नटापर्यंत इंजिन पकडेल. खाली चिंध्या टाक, डोळे सांभाळ. अर्ध्या तासाचं काम आहे. देवीदासनंही अर्ध्याच तासात केलं होतं.

भिलाईहून परत येताना बसमध्ये मी काय काय ठरवलं ते लपवत नाही. नवा रायपूरला येऊन तुझ्या साहेबांसमोर, फायली घेऊन बसलेल्या सगळ्या माणसांसमोर हे बोलायचं. वहिनीला गाठून सांगायचं. सहा जानेवारीला पाहुणे जेवायला बसले की दारात उभं राहून सांगायचं, जसं तेराव्याला मला सगळ्यांसमोर विचारलं गेलं तसं. एकेक बेत मी चघळत चघळत आले. तुझा चेहरा कसा होईल ते डोळ्यांसमोर आणत आले. इतकं छान मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. टाटीबंध मागे गेलं तरी मला कळलं नाही, पुढच्या थांब्यावर उतरून चालत यावं लागलं. मग एकेक बेत सोडून दिला, आणि तुझी दया आली म्हणून सोडला असं समजू नकोस. साहेबांना बाबा कुठे माहीत होते? आणि पाहुण्यांसमोर बोलले असते तर आई म्हणाली असती, आली पोट्टी चांगल्या दिवशी विष कालवायला. हे सगळं फक्त एका माणसानं ऐकायला हवं आहे, आणि ते माणूस माझा आवाज ऐकून घेत नाही. स्वतःचा आवाज मात्र त्याला ऐकावाच लागतो.

म्हणून हे पत्र आहे, आणि ते मराठीत आहे. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव देवीदासचं घातलं, त्याला विचारून. अठराला, बाबा गेले त्या तारखेला पोचेल अशा बेतानं टाकलं. टपाल दुपारी येतं आणि तेव्हा तू मंत्रालयात असतोस. आता दिवाबत्ती झाली आहे, बाबांच्या फोटोला हार आहे, तू मोबाइल बंद करून समोर बसला आहेस, आणि हे सगळं, पहिल्या ओळीपासून, आई वाचते आहे. आई, पाकीट फोडल्याबरोबर तू माझं अक्षर ओळखलंस, ठाऊक आहे मला. थांबलीही असशील. पण सहा तारखेला गाडी हवी म्हणून, आणि मध्ये थांबायचं नाही हा बाबांचा नियम म्हणून, पुढे वाचलंस. त्यासाठीच मी आधी नॉब, बॅटरी, पाढा असं लिहीत आले. एव्हाना दादानं ‘दे इकडे’ म्हणून हात पुढे केला असेल. देऊ नकोस, त्याच्या मांडीवर हात ठेव. माझ्यावर विश्वास ठेव असं मी म्हणत नाही, देवीदासवरही ठेवू नकोस. त्या सकाळी तू बाबांचं डोकं मांडीवर घेऊन ओसरीवर बसली होतीस आणि शेड दहा पावलांवर होती. तुला गाडीतलं काही कळत नाही म्हणून तुला कुणी विचारलंच नाही, ते मी विचारते. त्या पंचवीस मिनिटांत शेडमधून काय ऐकू येत होतं? गाडीला आजही तोच रोग आहे, त्याच्याच हातचा. पत्र खाली ठेव आणि त्याला म्हणावं, ऊठ, चावी फिरव. तू ओसरीवर त्याच जागी बस आणि ऐक. आवाज ओळखीचा वाटला तर हवा काढायला मला बोलाव. माझा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये आहे. मी पाने-पक्कड घेऊन येईन आणि ज्ञानदालाही आणीन. तिला सतराचा पाढा येतो.

तुझीच,
मीनल